गेट या क्रियापदाची शेपटं

"गेट ओव्हर?" भाताचा घास हातात तसाच धरून अप्पांनी विचारलं.

"आजारातून उठणं," मी म्हणाले. "किंवा दुःखातून सावरणं."

"वाक्य."

"शी गॉट ओव्हर टायफॉइड."

"आता दुःखाचं."

"दुःखाचं तुम्ही दिलं नव्हतं, अप्पा."

"दिलं नव्हतं? बरं, उद्या देतो. गेट बाय?"

"जेमतेम भागवणं."

"तिला जेवू द्या हो आधी," ताकाचं भांडं घेऊन आलेल्या माई म्हणाल्या. "भात गार झाला तिचा."

"इट गॉट कोल्ड!" अप्पांना आनंद झाला. "बघ सूनबाई, इथेसुद्धा गेट. साहेब मुळात आळशी माणूस. एक क्रियापद घेतो, त्याला मागे शेपूट लावतो आणि सगळं जग चालवतो. शेपूट बदललं की काम बदललं. आपण आपले शंभर क्रियापदं पाठ करत बसतो."

समोर बसलेले शशिकांत, म्हणजे माझे यजमान, वडिलांकडे न बघता मला म्हणाले, "गेट अलाँग नीट कर. बाईसाहेब ते हमखास विचारतात, असं ऑफिसात म्हणतात."

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालच्या एप्रिलमधली. माझ्या लग्नाला चार महिने झाले होते. शशिकांत दिघे कृष्णाकाठच्या एका पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर होते, आणि आम्ही कारखान्याच्या वसाहतीत दोन खोल्यांच्या घरात राहत होतो. अप्पा स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झाले होते. ते आणि माई एरवी मिरजेच्या घरी असत. पण शशिकांतना इंग्लंडला, लीड्सला पाठवायचं घाटतंय असं कळल्यावर अप्पा माईंना घेऊन येऊन राहिले, ते खास मला इंग्रजी शिकवायला.

कारण परीक्षा माझी होती. कारखान्याचा लीड्सच्या एका कंपनीशी करार होता आणि दर वर्षी एक इंजिनिअर तीन वर्षांसाठी तिकडे जाई, बायकोसह. चार वर्षांपूर्वी करंदीकर गेले होते. त्यांची बायको तिथे जी रडायला लागली ती थांबेचना, शेवटी दोघं परत आले आणि कंपनीचा खर्च फुकट गेला. तेव्हापासून असा रिवाज पडला की निवडलेल्या इंजिनिअरच्या बायकोला हार्टली साहेबांच्या बंगल्यावर चहाला बोलवायचं. हार्टली हे लीड्सहून आलेले सल्लागार. त्यांच्या बाईंनी पसंती दिली की तिकीट. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण वसाहतीत तो रेशनच्या तारखेइतका सगळ्यांना पाठ होता. त्याच्यामागून किस्सेही आले होते. बाईसाहेबांनी एकीला "हाउ आर यू गेटिंग ऑन?" म्हणजे कसं चाललंय, असं विचारलं, तेव्हा तिने "बाय बस" असं उत्तर दिलं म्हणे. तो किस्सा सांगून अप्पा दर वेळी नव्याने हसत आणि मग एकदम गंभीर होत. "हसण्यासारखं नाही. एका शेपटापायी बिचाऱ्या नवऱ्याचं लीड्स गेलं."

मी पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झाले होते. लग्न ठरण्याआधीच पुण्याच्या एका प्रयोगशाळेत स्फटिकांवर संशोधन करायला माझी निवड झाली होती. एक जुलैला रुजू व्हायचं होतं. दिघे मंडळी मला बघायला आली तेव्हा माझ्या वडिलांनी हे त्यांना स्पष्ट सांगितलं होतं आणि सगळे "छान, छान" म्हणाले होते. छान म्हणजे हो, असं मी समजले. चहा छान झालाय, असाही त्याचा अर्थ असू शकतो हे नंतर कळलं. लीड्सची गोष्ट निघाली त्या दिवशी मी विचारलं, "आणि माझी पुण्याची जागा?"

"तुझे स्फटिक काय पळून जाणार आहेत?" शशिकांत हसून म्हणाले. "तीन वर्षांनी आलो की कर."

स्फटिक पळत नाहीत हे खरं होतं. जागा पळते. एवढं उत्तर मला सुचलं होतं, पण तोवर ते शर्टाला इस्त्री करायला उठून गेले होते. ते स्वभावाने वाईट नव्हते. त्यांना मी हवी होते, लीड्सही हवं होतं, आणि या दोन्हींच्या मध्ये तिसरं काही असेल हे त्यांच्या मनातच येत नव्हतं. भांडायचं कसं ते मला माहीत नव्हतं. आमच्या माहेरी कोणी भांडत नसे, आणि इथे तर सगळे माझ्याशी चांगलंच वागत होते.

तेव्हा मी एक सोपा मार्ग काढला. चहाला जायचं आणि नापास व्हायचं. लीड्स रद्द झालं की शशिकांत इथेच राहतील, मी पुण्याला जाईन, महिन्यातून दोनदा येईन. कोणाला दुखवायला नको, कोणासमोर उभं राहायला नको. इंग्रजी कठीण असतं हे तर सगळ्यांनाच मान्य होतं.

फक्त शिकताना मला वाईट शिकता येईना. अप्पा रोज सकाळी आठ-दहा शेपटं देत आणि मी ती तक्त्यात मांडत असे, मूलद्रव्यं मांडावीत तशी. गेट अप, गेट डाउन, गेट इन इथवर ठीक होतं. अप म्हणजे वर, डाउन म्हणजे खाली. पण गेट ओव्हर म्हणजे कशाच्या वरून? गेट थ्रू म्हणजे संकटातून पार पडणं, आणि फोन लागणं तेही गेट थ्रूच. मी दोन दिवस त्यात काही नियम सापडतो का ते बघत होते.

"नियम शोधू नकोस," अप्पा वैतागले. "गाडी अमक्या रुळावरून का जाते असं विचारतो का आपण? सांधेवाल्याने तसा सांधा लावला म्हणून. पाठ कर."

"पण अप्पा, गेट स्वतः तर काहीच करत नाही. शेजारी कोण उभं आहे त्यावर त्याचा अर्थ ठरतो."

"मग? बिघडलं काय त्यात? तुझ्या सासूचंही तसंच आहे," असं म्हणून ते खोखो हसले. माई निवडत असलेल्या तांदळांत खडा सापडल्यासारखं करून दुसरीकडे बघत राहिल्या.

मेच्या पहिल्या गुरुवारी बोलावणं आलं. शशिकांतनी मला बंगल्याच्या फाटकापर्यंत सोडलं. "घाबरू नकोस," ते म्हणाले. त्यांचा स्वतःचा रुमाल ओला झाला होता. "काही अडलं तर हसायचं."

हार्टली बाई उंच, हडकुळ्या, पन्नाशीच्या होत्या. हातांवर उन्हाने आलेले तपकिरी ठिपके. व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या होत्या आणि टेबलावर काकडीचे सँडविच झाकून ठेवलेले होते. मी बसले. बाईंनी चहा ओतला आणि अगदी ठरल्याप्रमाणे विचारलं, "हाउ आर यू गेटिंग ऑन, मिसेस दिघे?"

माझ्याकडे या प्रश्नाची चार उत्तरं तयार होती. एकाला तर अप्पांनी टाळी दिली होती. मी हसले आणि गप्प बसले.

त्यांनी जरा हळू, जरा मोठ्याने तेच पुन्हा विचारलं. मी मान हलवली आणि म्हणाले, "यस."

"डू यू गेट अलाँग विथ द अदर लेडीज?"

"यस," मी म्हणाले, आणि सँडविच घेतलं.

बाईंनी आणखी दोन प्रश्न विचारले. मग त्या थांबल्या. खुर्चीत मागे टेकल्या. मला वाटलं, झालं. आता चहा संपला की मी सुटले. बाहेर माळी नळीने पाणी घालत होता. आम्ही दोघी ते पाणी बघत बसलो. गप्प बसणं मला कधी कठीण जात नाही, आणि बाईंना बहुधा अशा पाहुणीची सवय नव्हती, कारण थोड्या वेळाने त्या बोलायला लागल्या. माझ्याशी नव्हे, नळीकडे बघत. आणि हळूही नव्हे. त्यांच्या गावच्या लोकांशी बोलत असतील त्या वेगाने.

मी पहिली काही वाक्यं सोडून दिली. मग एक शेपूट ऐकू आलं आणि माझे कान उभे राहिले. आई गेल्याला तीन वर्षं झाली तरी त्या गेट ओव्हर झालेल्या नव्हत्या. शेवटच्या आजारपणात त्यांना जाता आलं नव्हतं, हार्टलींनी पाठवलं नव्हतं. अप्पांनी न दिलेलं दुःखाचं वाक्य ते हेच. मग एकामागून एक येत गेली. दिवस कसा तरी गेट थ्रू करायचा. बहिणीशी त्यांचं गेट ऑन होत नसे. पुस्तकात वाचलेली अभिक्रिया पहिल्यांदा परीक्षानळीत रंग बदलताना दिसावी तसं मला होत होतं. इतका आनंद मला व्हायला नको होता, कारण बाई डोळे पुसत होत्या.

निघताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "पुढच्या गुरुवारी या," त्या म्हणाल्या, आणि हे मात्र अगदी हळू, एकेक शब्द सुटा करून. बोटाने टेबल दाखवलं. चहा, असा कप ओठाला लावून दाखवला.

मी खूश होऊन घरी आले. इतक्या स्वच्छपणे नापास झालेलं मी आयुष्यात कोणाला बघितलं नव्हतं.

शनिवारी शशिकांत जेवायच्या सुट्टीत घरी आले, ते पायातले बूट न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "लीड्स रद्द," ते म्हणाले.

माईंच्या हातातली पळी थांबली. मी मान खाली घातली.

"हार्टली साहेबांनी स्वतः बोलावून सांगितलं. म्हणाले, माझ्या बायकोला तुझी बायको फार आवडली आहे. इतक्या वर्षांत इथे तिला असं कोणी भेटलं नाही. तू लीड्सला जाऊ नकोस, इथेच माझा सहायक हो. मोठं क्वार्टर देतो, बागेचं. फक्त मिसेस दिघेंनी दर गुरुवारी चहाला येत जावं."

अप्पा बाहेरून आत आले होते. त्यांनी हे सगळं नीट ऐकून घेतलं. त्यांचं लीड्स गेलं होतं, पण चेहऱ्यावर दुःख नव्हतं. "म्हणजे इतकं बोललीस तू?" ते म्हणाले. "इतकं, की साहेब सोडायला तयार नाही? काय काय वापरलंस?"

"फार नाही वापरलं, अप्पा."

"विनय बघ," अप्पा माईंना म्हणाले. "गेट अलाँग वापरलंस?"

"त्यांनी वापरलं."

"आणि तू उत्तर दिलंस."

"हो," मी म्हणाले. ते खरंच होतं.

मला काही उमगत नव्हतं. मी तीन-चार वेळा यस म्हणाले होते आणि दोन सँडविच खाल्ले होते. रात्री मी शशिकांतना म्हणाले, "लीड्स नाही, तर आता मी पुण्याला जाऊ ना?"

ते चकित झाले. "आता? अगं, लीड्सला गेलो असतो तर तीन वर्षांनी परत आल्यावर एक वेळ गेली असतीस. आता तर मुळीच नाही. गुरुवारचं काय?"

"दर गुरुवारी पुण्याहून येता येणार नाही."

"तेच म्हणतोय ना मी."

असा माझा सोपा मार्ग मला बागेच्या क्वार्टरपर्यंत घेऊन आला. वसाहतीत माझा भाव एकदम वाढला. करंदीकरांची बायको एका संध्याकाळी वाटीभर आंबोशीचं लोणचं घेऊन आली आणि दारातच हळूच म्हणाली, "दिघेवहिनी, तुम्ही बाईसाहेबांशी बोलता तरी काय एवढं?"

"त्याच बोलतात."

"चला, काहीतरीच. मला नाही सांगायचं तर नका सांगू." आणि जाता जाता, "आमच्या यांचं एवढं बढतीचं बघायला सांगा हं बाईसाहेबांना."

पुढच्या गुरुवारी मी गेले, त्याच्या पुढच्याही गेले. बाई आता मला काही विचारत नसत. चहा ओतून हातात देत आणि बोलायला लागत. मी ऐकत असे. वाटेत एखादं अनोळखी शेपूट आलं तर ते लक्षात ठेवून घरी अप्पांना विचारत असे, आणि अप्पांना वाटे मी बंगल्यावर ते वापरून आले. त्यांचा उत्साह वाढत गेला. ते आता टेकची शेपटं सुरू करायच्या बेतात होते.

बाई जे सांगत होत्या ते मात्र दिवसेंदिवस असं व्हायला लागलं की माझा चहा कपातच गार होई. वसाहतीत हार्टली साहेब म्हणजे देवासारखे. त्यांनी बोट लावलं की पंप चालू होतो अशी कामगारांची समजूत होती. बाई म्हणाल्या, लीड्समध्ये त्यांना कोणीही विभागात घ्यायला तयार नव्हतं. दे वॉन्टेड टु गेट रिड ऑफ हिम. तिकडच्या लोकांना ते नकोसे झाले होते, म्हणून इकडे सल्लागार करून धाडून दिले होते. आणि तेराव्या की चौदाव्या वाक्यात, अगदी त्याच आवाजात, त्या म्हणाल्या की त्या नाताळापर्यंत गेट आउट होणार आहेत. जिच्याशी पटत नसे त्याच बहिणीकडे जायचं ठरलं आहे. हार्टलींना काही कल्पना नाही. त्यांचा चेहरा तेव्हा कसा होईल ते त्यांनी करूनही दाखवलं आणि हसल्या. मग मला विचारलं, "मोअर टी?" हळू, एकेक शब्द सुटा करून.

तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. पण शंका म्हणजे निष्कर्ष नव्हे. आणि जूनचे दोन आठवडे संपले होते.

शशिकांतशी मी पुन्हा एकदा बोलले. ते म्हणाले, "निरू, जरा महिना जाऊ दे. माझी ऑर्डर हातात पडू दे." अप्पांना विचारलं तर ते म्हणाले की संशोधन वगैरे ठीक आहे, पण इंग्लिश माणसाच्या सहवासात जे मिळतं ते प्रयोगशाळेत मिळत नाही. माईंना मी विचारलं नाही. अडवणारे हे दोघंही नव्हते, असं माझ्या लक्षात आलं. अडवत होता तो गुरुवार. तेव्हा जिथे गुरुवार होता तिथेच बोलायला हवं होतं.

जूनच्या तिसऱ्या गुरुवारी बाई चहा ओतायला लागल्या. त्या काही बोलायच्या आत मी म्हणाले, "मिसेस हार्टली, मला तुम्हाला काही सांगायचं आहे. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत स्फटिकांच्या रचनेवर संशोधन करण्यासाठी माझी निवड झाली आहे. मला एक जुलैला रुजू व्हायचं आहे. त्यामुळे पुढच्या आठवड्यापासून मी येऊ शकणार नाही. तुम्ही मला इथे बोलावलंत याबद्दल मी आभारी आहे."

हे सगळं मी इंग्रजीत म्हणाले, प्रयोगाच्या वहीत लिहितात तशा सरळ वाक्यांत. त्यात एकही गेट नव्हतं.

चहा कपातून बशीत आणि बशीतून टेबलावर आला. बाई ओततच होत्या.

"तुम्हाला इंग्रजी येतं," त्या म्हणाल्या.

"हो. आमचं बी.एस्सी.पासून सगळं इंग्रजीतच असतं."

"पहिल्या दिवशीही येत होतं?"

"हो."

बाईंनी किटली खाली ठेवली. त्यांचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला आणि मग त्यातलं सगळं रक्त उतरलं. "मी जॉर्जला सांगितलं होतं," त्या नवऱ्याबद्दल पुटपुटल्या, "तिला एक अक्षर कळत नाही. मी म्हटलं होतं, किती बरं वाटतं." मग माझ्याकडे बघून, "तुम्हाला सगळं समजलं? मी जे जे बोलले ते?"

अशा प्रश्नाला नाही म्हणायचं असतं, हे मला आज कळतं. तेव्हा मला वाटलं, प्रश्न अचूकतेचा आहे. "जवळजवळ सगळं," मी म्हणाले. "फक्त त्या दिवशी तुमच्या मधुचंद्राबद्दल सांगताना तुम्ही एक वाक्य बोललात, त्याची सुरुवात गेट ऑफने होती. ते माझ्या सासऱ्यांनाही माहीत नव्हतं."

"तुम्ही सासऱ्यांना विचारलंत?"

"फक्त क्रियापद विचारलं. मधुचंद्राचं सांगितलं नाही."

त्या उठून व्हरांड्याच्या कठड्याशी गेल्या. पाठ करून उभ्या राहिल्या. मी म्हणाले की मी कोणाला काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. त्यावर त्या वळल्या आणि इतकं सुंदर हसल्या की मला कळलं, त्यांचा माझ्यावर विश्वास बसलेला नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर सगळी वसाहत असणार, तिचे सगळे नळ, सगळ्या गच्च्या, आणि लोणच्याच्या वाट्या घेऊन हिंडणाऱ्या बायका.

"तुम्ही पुण्याला गेलंच पाहिजे," बाई म्हणाल्या. "अगदी नक्की. इतकी चांगली संधी. एक जुलै कशाला, त्याच्या आधी नाही का जाता येणार?"

सोमवारी शशिकांत दुपारीच घरी आले. या वेळी बूट काढले, पण खुंटीला टोपी लावायची विसरले. "मला काही समजत नाही," ते म्हणाले. "मला लीड्सला पाठवतायत. तीन वर्षं. पुढच्या आठवड्यात विमान."

"आणि सहायक?" अप्पांनी विचारलं.

"ते म्हणाले, तुझ्यासारख्या हुशार माणसाला इथे अडकवून ठेवणं बरं नाही. बाईंचंच म्हणणं आहे तसं. आणि नियम बदललाय, पहिलं वर्ष इंजिनिअरने एकट्यानेच जायचं." ते माझ्याकडे वळले. "आणि तू पुण्याला जायचंस, असंही बाईसाहेबांनी सांगितलंय. म्हणे, तिच्या संशोधनात खंड पडला तर मला फार वाईट वाटेल. क्वार्टर महिनाअखेर रिकामं करायला सांगितलंय."

मी अप्पांकडे बघितलं. अप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "एवढी बुद्धी वाया का घालवायची? मी म्हणतोच आहे आधीपासून."

"तुम्ही कधी म्हणालात?" माईंनी विचारलं.

"म्हणजे, इतक्या शब्दांत नसेन म्हणालो. पण साहेबाच्या बाईने सांगितलं, म्हणजे पूर्ण विचार करूनच सांगितलं असणार. पुण्याला जा, सूनबाई. वर्षभर काम कर. मग बघू."

शशिकांत मला म्हणाले, "मला बोलली का नाहीस, की तुला एवढं मनापासून जायचंय?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते खरोखरच विचारत होते. त्यांना आठवत नव्हतं असं नाही. मी बोलले ते त्यांच्या कानांवर पडलंही होतं. पण ते बंगल्यावरून आलेलं नव्हतं. मी म्हणाले, "आता कळलं ना?" आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

पुढचे दिवस धावपळीत गेले. शशिकांतसाठी गरम कपडे, माझ्यासाठी एक लोखंडी ट्रंक. त्यांना विमानावर पोचवायला अप्पा मुंबईला गेले. वसाहतीत सगळीकडे असंच झालं होतं की दिघ्यांच्या सुनेने बाईसाहेबांना अशी काही मोहिनी घातली, की नवऱ्यालाही तिकीट आणि तिलाही पुणं. अप्पा स्वतःच ते सांगत फिरत आणि शेवटी म्हणत, "सगळी गेटची कमाल." ते अखेरपर्यंत तसंच म्हणत राहिले. मी दुरुस्ती केली नाही. एका अर्थी ते खरंही होतं. त्यांनी शेपटं शिकवली नसती तर मला बाईंचं काहीच कळलं नसतं, आणि मग मला घाबरायचं बाईंना काही कारणच उरलं नसतं.

पुण्याच्या बसवर मला पोचवायला माई आल्या. ट्रंक टपावर चढली. मी खिडकीपाशी बसले. माई खाली, फलाटावर, पदर डोक्यावर घेऊन उभ्या. गाडी सुटायला वेळ होता.

"त्या बाईला काय सांगितलंस गं तू?" त्यांनी विचारलं.

"एवढंच, की मला पुण्याला जायचंय."

"बस?"

"बस."

"आणि घरात कोणाकोणाला सांगितलं होतंस?"

"यांना दोनतीनदा. अप्पांना एकदा."

माईंनी मान हलवली. ड्रायव्हर चढला, त्याने दार आपटलं. "मला नाही विचारलंस," त्या म्हणाल्या.

मी गडबडले. "तुम्ही हो म्हणाला असता, माई?"

माईंनी प्रामाणिकपणे विचार केला. तेवढ्यात गाडी सुरू झाली आणि थरथरायला लागली.

"नाहीच म्हटलं असतं," त्या इंजिनच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाल्या. "पण विचारायचं होतंस."

गाडी हलली. त्या दोन पावलं बरोबर चालल्या आणि थांबल्या.